खुणांचा बंदोबस्त

१८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही रिकामटेकड्या गृहस्थांनी बॉक्सिंगचा हातमोजा आवळून बांधून त्याचा चेंडू केला, झाडूचा दांडा हाती घेतला, आणि त्या उद्योगातून सॉफ्टबॉल नावाच्या खेळाचा जन्म झाला, हे इतिहासात नमूद आहे. परंतु त्या दिवशी कोणी कोणास गुप्त खुणा केल्याचे कोठेही नमूद नाही, आणि त्यावरून हा खेळ खुणांवाचूनही खेळता येतो असा भलताच निष्कर्ष काही अविचारी माणसे काढतात. प्रस्तुत मार्गदर्शिका त्यांच्यासाठी नाही. बोरीवली पश्चिमेच्या मैदानांवर रविवारी सकाळी, चार क्रिकेट सामन्यांच्या बेचक्यात उरलेल्या जागेवर चुन्याने बेस आखून मुलींना सॉफ्टबॉल शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी ती आहे. आणि विशेषेकरून त्यांतील एका प्रशिक्षकांसाठी, ज्यांचे नाव आम्ही मुलाहिजा राखून घेत नाही. मुली त्यांना सर म्हणतात, आम्हीही म्हणू.

प्रथम पूर्वपीठिका. महिलांच्या सामन्यात पिचर आणि होमबेस यांच्यामध्ये अंतर अवघे ४३ फूट. कमरेखालून हात गरकन फिरवून चांगल्या पिचरने सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन ठाकतो. तो वेगाचा, वळणारा की फसवा मंद, हे ओळखायला फलंदाजाला सवडच नसते. तेव्हा पुढचा चेंडू कोणता हे पिचर व कॅचर यांनाच ठाऊक असावे, आणि बंट करायचा की बेस चोरायचा हे फलंदाज, धावक व प्रशिक्षक यांनाच ठाऊक असावे, येथवर कोणाची हरकत नसावी. हरकत अंमलबजावणीपासून सुरू होते.

कलम पहिले. तिसऱ्या बेसजवळ उभे राहून प्रशिक्षकाने नाक, कान, टोपी, पट्टा, छाती अशा निरनिराळ्या स्थळांना हात लावावा. यांतील बहुतेक स्पर्श निरर्थक असतात व तसेच असावेत. टोपी ही किल्ली ठरली असेल, तर टोपीनंतर जेथे हात लागेल तो खरा हुकूम. त्याच्या मागचे-पुढचे सगळे खोगीरभरती. शेवटी एका हाताने दुसरा हात कोपरापासून मनगटापर्यंत पुसला की दिलेला हुकूम रद्द समजावा. ही पद्धत जगभर चालते आणि उत्तम चालते. मात्र ज्या मुलखांत ती सिद्ध झाली तेथे ऑक्टोबरातली बोरीवली नाही. सकाळचे अकरा वाजलेले, पश्चिमेला गोराईच्या खाडीवरची दमट हवा, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर वाऱ्याला पाठ देऊन बसलेले; अशा वेळी सर हुकूम देत आणि लगोलग हाताचा घाम निपटून टाकीत. पाच डाव उलटले तरी संघाने काडीची हालचाल केली नाही. सरांनी संतापून खुलासा मागितला, तेव्हा पहिल्या बेसवर ताटकळलेली मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, तुम्हीच दरवेळी पुसलंत.” सबब बोरीवलीत रद्दीकरणाची खूण शरीराच्या कोरड्या भागावर असावी, आणि ऑक्टोबरात असा भाग न आढळल्यास टाळी वाजवावी.

कलम दुसरे. हुकूम असो वा नसो, प्रत्येक चेंडूआधी मुलींनी सरांकडे पाहावे. नाहीतर नुसत्या पाहण्यावरूनच प्रतिपक्षाला सुगावा लागतो.

कलम तिसरे, संख्येविषयी. बेस्टचा कंडक्टर एक घंटी देतो तेव्हा बस थांबते, दोन देतो तेव्हा सुटते, आणि एवढ्या दोन हुकमांवर पिढ्यान्‌पिढ्या ही मुंबई कामावर गेली व घरी परतली. सॉफ्टबॉलला फार तर सहा पुरावेत. सरांकडे एकवीस आहेत. त्यांची सारी हयात एका कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेल्यामुळे, ‘आधीचे करू नकोस’ आणि ‘आधीचे करू नकोस असे जे सांगितले ते तूर्त स्थगित’ या दोन खुणा त्यांनी स्वतंत्र ठेवल्या आहेत. पण ह्याच गृहस्थांनी चोरीचा हुकूम मुलींना कसा शिकवला ते पाहण्यासारखे होते. सॉफ्टबॉलात पिचरच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वी धावकाने बेस सोडला तर ती बाद. म्हणून सर साठी उलटलेल्या वयात चेंडूवाचून नुसता हात फिरवीत उभे राहिले, आणि पळू नका, माझ्या मांडीपाशी मूठ येते ती बघा, असे सांगत त्यांनी एकेका मुलीला पुनःपुन्हा रेषेवर आणले. आता त्यांची एकही मुलगी आधी निघत नाही, आणि एकही उशिरा निघत नाही.

कलम चौथे, मनगटी पट्टी. लवचीक पट्टी, तिला पारदर्शक खिडकी, खिडकीत चौकटींचे कार्ड. प्रशिक्षकाने तीन आकडे पुकारावेत. पहिले दोन स्तंभ दाखवतात, तिसरा ओळ, आणि दोहोंच्या छेदात हुकूम लिहिलेला असतो. तोच हुकूम बऱ्याच चौकटींत विखरून ठेवावा, म्हणजे वेगवान चेंडू दहा वेळा मागवला तरी आकडा दरवेळी निराळा. कार्ड सामन्यागणिक बदलावे. पिचरने पट्टी मोज्याच्या हाताला बांधावी. झाली विद्या, आता वस्तुस्थिती. सरांचे कार्ड स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट होते. वर तांबड्या शाईत ‘गोपनीय’, खाली तारखेसह सही, आणि मधल्या उरल्यासुरल्या जागेत हुकूम, जे वाचण्यासाठी कॅचरला तोंडावरची जाळी वर करावी लागते.

बरे, आकडा सर मराठीत पुकारतात. “दोनशे एकोणसाठ!” संघात मराठी मुली आहेत, गुजराती आहेत, आय. सी. कॉलनीतल्या ख्रिस्ती आहेत, एक मल्याळी आहे. शाळा मात्र यच्चयावत इंग्रजी माध्यमाच्या. एकोणसाठ म्हणजे नक्की कितवे साठ, यावर पिचर, कॅचर आणि शॉर्टस्टॉप यांची मैदानाच्या मधोमध परिषद भरते, अंपायर घड्याळाकडे पाहतात, आणि शेवटी त्यांतली धीट मुलगी हात वर करून विचारते, “सर, फिफ्टी नाइन ना?” स्वपक्षापासूनही इतकी गुप्तता अन्यत्र कोणी साधली नसेल. उपाय साधा आणि सर्वत्र रूढ आहे: आकडे सुटे पुकारावेत, दोन, पाच, नऊ. सरांना ते पोरकट वाटते.

कलम पाचवे, खुणांची चोरी. दुसऱ्या बेसवरच्या धावकाला कॅचरची बोटे समोर दिसतात. म्हणून कॅचरने गुडघे जवळ घ्यावेत, मोजा डाव्या गुडघ्याबाहेर आडोशाला धरावा, आणि दुसऱ्या बेसवर धावक असेल तेव्हा खुणांचा क्रम बदलावा. डोळ्यांनी खुणा वाचणे हे कौशल्य, यंत्राने वाचणे ही लबाडी. बेसबॉलात ह्यूस्टन ॲस्ट्रोजने २०१७ मध्ये कॅमेऱ्याने खुणा टिपून कचऱ्याचा डबा बडवीत फलंदाजांना वर्दी दिली आणि पुढे ५० लाख डॉलर दंड भरला. क्रिकेटात आपल्या भारताविरुद्ध १५ मे १९९९ रोजी होव्ह येथे विश्वचषकाच्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए कानात यंत्र घालून उतरला होता; ते त्याला काढावे लागले. (सामना मात्र त्यांनीच जिंकला.) सरांनी या हकिकती मुलींना सविस्तर सांगितल्या. त्यावरून मुलींनी एवढाच बोध घेतला की, कचऱ्याचा डबा क्रीडासाहित्यात मोडतो.

आता कलमे बाजूला ठेवून बोलतो. एकवीस खुणा कशाला हव्यात हो? मुलीला समोरचे दिसते, तिला पाय आहेत, डोके आहे. मागे एका सामन्यात कॅचरच्या हातून चेंडू निसटला आणि तिसऱ्या बेसवरची मुलगी कोणाकडेही न पाहता सुसाट होमबेसवर आली. धाव मिळाली, सामनाही मिळाला. हुकमाविना निघाल्याबद्दल सर तिला बोलले, मग तिच्यासाठी स्वतः उसाचा रस घेऊन आले, आणि त्या रात्री जागून त्यांनी बाविसावी खूण तयार केली: हनुवटीला हात, म्हणजे ‘तुला योग्य वाटेल ते कर’. तेव्हापासून मुली स्वतःच्या मनाने पळण्यापूर्वी त्या खुणेची वाट पाहत उभ्या राहतात.

पालकांस विनंती. दहावीच्या क्रीडागुणांची चौकशी सामना आटोपल्यावर करावी. डाव चालू असताना तिसऱ्या बेसमागच्या कुंपणापाशी उभे राहून टोपी, नाक, कान अथवा हनुवटी यांस हात लावू नये. मुली आज्ञाधारक आहेत.