वरचं अंगण कोण झाडणार?

आमच्या आत्याबाईंना कचऱ्याचा भारी तिटकारा. पहाटे खराट्याचा आवाज आला की आदिलाबादेतल्या आमच्या गल्लीने समजायचं, उजाडलं. शेजाऱ्याच्या दारापुढचं पानसुद्धा त्या त्याला हाक मारून उचलायला लावतात. परवा कोणीतरी त्यांना पेपर वाचून दाखवला : पृथ्वीभोवती एक सेंटिमीटरहून मोठे तुकडे दहा लाखांच्या घरात फिरताहेत. फुटलेली रॉकेटं, मेलेले उपग्रह, कधीमधी अंतराळवीराच्या हातून सुटलेली हत्यारांची पिशवी. आत्याबाईंनी चष्मा काढून वर पाहिलं.

"एवढं सारं पसरून ठेवलं, अन् झाडते कोन?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. तिथून घराची झोप उडाली.

अंगणातली बाज पडवीत आली. वाळवणावर जुनं लुगडं होतं, ते दुहेरी झालं. मी समजूत घातली की हे तुकडे सेकंदाला सात-आठ किलोमीटर धावतात. आदिलाबादेहून नागपूर अर्ध्या मिनिटात, तेही टोल न भरता. तुमच्या पापडांकडे बघायला त्यांना सवड कुठली?

"मंग ते लाडबोरीचं कडं?"

इथे मी गप्प झालो. पैनगंगेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, 2 एप्रिल 2022 च्या रात्री आठच्या सुमारास लाडबोरीत दोन-तीन मीटर व्यासाचं, चाळीस किलोच्या वरचं धातूचं कडं आभाळातून पडलं. पवनपारला एक गोळा सापडला. दिवस कोणता? तिकडे गुढीपाडवा, इकडे उगादी. सकाळी गुरुजींनी पंचांग वाचून पाऊसपाणी, पीकपाणी सगळं सांगितलं, कड्याचं तेवढं राहून गेलं. लोकांनी गुढी उतरवून कलश खाली ठेवला, आणि आभाळाने आपला कलश उतरवला. जाणकारांनी चीनच्या लाँग मार्च रॉकेटाकडे बोट दाखवलं. कडं पोलीस ठाण्यात गेलं.

आता गावातल्या कोणालाही वाटेल, चाळीस किलो म्हणजे भंगारवाल्याला बोलवावं, काटा लावावा. तसं चालत नाही. 1967 च्या अंतराळ कराराप्रमाणे ज्याने वस्तू वर पाठवली, ती पडल्यावरही त्याचीच. 1972 च्या दुसऱ्या कराराप्रमाणे खाली नुकसान झालं तर भरपाईही त्यानेच द्यायची. म्हणजे कायदा चोख आहे. फक्त वर असेपर्यंत उचलायचं कोणी, याबद्दल त्यात खराट्याची एक काडीही नाही.

दंड मात्र झालाय. 1979 च्या जुलैत अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा कोसळणार म्हणून आपल्या तेलंगणातल्या गावांनी मरण्याआधी खाऊन घ्यावं या हिशेबाने कोंबड्या-बकऱ्या कापल्या. ती पडली हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स गावच्या कारभाऱ्यांनी नासाला कचरा टाकल्याबद्दल 400 डॉलरची पावती फाडली. ती भरली गेली 2009 साली, आणि भरली कोणी, तर एका रेडिओवाल्याने श्रोत्यांकडून वर्गणी काढून! आत्याबाईंना हे गाव फार आवडलं. 2023 मध्ये त्याच ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आपल्या पीएसएलव्ही रॉकेटाचाही एक भाग वाहत आला होता, हे मी सांगितलं नाही. घरचं झाकावं लागतं.

खरी गंमत आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या हद्दीवर होईल. तेलंगणातल्या केरामेरी आणि चंद्रपुरातल्या जिवतीच्या मधली ती चौदा गावं दोन्ही राज्यं आपली म्हणतात. रेशनकार्डं दोन, मतदान दोनदा, सरपंचही दोन. उद्या तिथे एखादी टाकी पडली तर पंचनामे दोन होतील, एक मराठीत, एक तेलुगूत, आणि फोटोसाठी टाकीच्या दोन्ही बाजूंना पुढारी. दुसऱ्या दिवशी टाकी कोणाच्या खर्चाने हलवायची असा प्रश्न निघाला की दोन्हीकडून एकच उत्तर येईल : ते गाव तिकडलं हाय. अंतराळात हा दुसरा दिवस 1957 मध्ये पहिला उपग्रह वर गेल्यापासून चालू आहे. झेंडा लावायला सगळे, सुपली धरायला कोणी नाही. इस्रोने 2030 पर्यंत कचरा न करणाऱ्या मोहिमांचा संकल्प सोडलाय. आत्याबाईंचं त्यावर म्हणणं, "नवा नाही करनार, हे ठीक. जुना?"

काल सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली. आत्याबाई रिकामी बादली घेऊन उभ्या. मग बोट आभाळाकडे : "ते पडलं त न्यायचं बरं का, बावा."

गाडीवाल्याने रोजचा प्रश्न विचारला, "तडी का पोडी?" ओला की सुका?

आत्याबाईंनी क्षणभर विचार केला. वरून जळत येणारं, ते ओलंही नाही, सुकंही म्हणवत नाही.

"वेडी," त्या म्हणाल्या. तेलुगूत वेडी म्हणजे गरम.

गाडीवाल्याला मराठीही येते. त्याने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली आणि गाडी पुढे घेतली.