पायजमा दिन आणि इतर उपक्रम

न्यू जर्सीतल्या शाळांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला गुरुवार-शुक्रवार अशी दोन दिवसांची सुट्टी असते. या सुट्टीला देव नाही, सण नाही, लढाई नाही की कुणा थोर पुरुषाची जयंती नाही. ही शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी. न्यू जर्सी एज्युकेशन असोसिएशन ही इथली शिक्षक संघटना १८५३ सालची. तिचं वार्षिक अधिवेशन अटलांटिक सिटीत भरतं आणि त्याला जाण्यासाठी शिक्षकांना पगार न कापता दोन दिवस रजा द्यायची, असं राज्याच्या कायद्यातच लिहून ठेवलंय. शिक्षक नाहीत म्हणजे शाळा नाही. शेजारच्या राज्यांतल्या मुलांना ही चैन नाही. त्यामुळे त्या दिवसांत फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या रांगेत उभं राहावं तर मागेपुढे सगळे आपल्याच गावचे निघतात. त्या आठवड्याला तिकडे 'जर्सी वीक' असं नावच पडलंय.

अटलांटिक सिटी हे समुद्रकाठचं, १९७८ पासून कॅसिनोंसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. अमेरिकन मोनोपॉलीच्या पटावरच्या रस्त्यांची नावं याच गावातली. आपण लहानपणी 'व्यापार' खेळताना मुंबई-कलकत्ता विकत घ्यायचो, तशी इथली मुलं बोर्डवॉक विकत घेतात. अधिवेशनात शिक्षक वर्गातली शिस्त, नवी अध्यापनपद्धती वगैरे विषयांवरची व्याख्यानं ऐकतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मुलांचा नाही. आपले गणिताचे सर शक्यतांचं प्रात्यक्षिक करायलाच दोन दिवस तिकडे जातात, अशी माझ्या कन्येची ठाम समजूत आहे.

ही कन्या बारावीत, म्हणजे इथल्या भाषेत सिनियर, होती तेव्हा, २०२४ साली, सुट्टी ७ आणि ८ तारखेला आली. मंगळवारी अध्यक्षीय निवडणूक आणि शाळेत मतदान केंद्र, म्हणून तोही दिवस गेला. उरले सोमवार आणि बुधवार. दात पडलेल्या पोराच्या हसण्यासारखा दिसणारा तो आठवडा कुणी मनावर घेतला नाही. जे काय व्हायचं ते आदल्या आठवड्यात झालं.

त्या आठवड्याचं नाव स्पिरिट वीक. सोमवारी पायजमा दिन: सगळ्यांनी झोपायच्या कपड्यांत शाळेत यायचं. मंगळवारी जुळ्यांचा दिवस, मैत्रिणीबरोबर ठरवून सारखे कपडे. बुधवारी दशकांचा दिवस, जुन्या एखाद्या दशकातले कपडे. गुरुवारी हॅलोवीन, त्यामुळे सोंगं. शुक्रवारी शाळेचे रंग आणि शेवटच्या तासांना पेप रॅली, म्हणजे व्यायामशाळेत सगळी शाळा इयत्तेप्रमाणे बाकांवर बसवायची आणि संध्याकाळच्या फुटबॉल सामन्यासाठी ओरडून ओरडून घसा आधीच बसवून घ्यायचा. सगळ्यात वरचा मान सिनियरांचा. नववीच्या पोरांनी कितीही ओरडलं तरी परीक्षक त्यांना शेवटचाच नंबर देतात, आणि यात अन्याय आहे असं नववीच्या पोरांनाही वाटत नाही. तीन वर्षांनी आपलीही पाळी आहे, हे त्यांना ठाऊक असतं.

मला या सगळ्याचं आश्चर्य वाटायला नको होतं. आपल्या कॉलेजांतही 'डेज' असतातच. साडी-टाय डे, ट्रॅडिशनल डे, मिसमॅच डे, आणि प्राचार्यांच्या रक्तदाबाप्रमाणे रोज डे कधी होणारा, कधी रद्द होणारा. फरक एवढाच की आपल्याकडे ही मौज थोडी चोरून आणावी लागते. इथे मुख्याध्यापक स्वतः सकाळी ध्वनिक्षेपकावरून पायजम्याची आठवण करून देतात, आणि सोमवारी दारात गाऊन घालून मुलांचं स्वागतही करतात.

मी बारावी लातूरला केली, नव्वदच्या दशकात. लातूर पॅटर्न तेव्हा ऐन भरात होता. दिवाळीची सुट्टी लागली की कॉलेजच्या तासांच्या जागी ज्यादा तास सुरू व्हायचे आणि त्यांना कुणी सुट्टीतले तास म्हणायचं नाही, 'उजळणी' म्हणायचे. नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळ करून पोरं फराळ करायची, फराळ करून प्रश्नपत्रिका सोडवायची. झोपायचे कपडे घालून वर्गात यायला आम्हाला वेगळा दिवस लागत नसे. सकाळी साडेपाचच्या केमिस्ट्रीला निम्मी बॅच तशीच यायची.

तर अशा बापाच्या घरी दशकांच्या दिवसाच्या आदल्या रात्री कन्या कपाट उपसत बसली आणि माझा इंजिनिअरिंगच्या काळातला चौकड्यांचा शर्ट घेऊन खाली आली. "बाबा, हा व्हिंटेज आहे. मी घेऊ?" घे म्हटलं. ज्या शर्टावर आईने दोनदा बटणं लावली होती, त्याला दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गात अस्सलपणाबद्दल दाद मिळाली. संध्याकाळी ती म्हणाली, सगळ्यांना वाटलं मी भाड्याने आणलाय.

त्या वर्षी पंचांगानेही शाळेशी संगनमत केलं होतं. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, पण अमावास्या इथल्या घड्याळात ३१ तारखेची संध्याकाळ गाठत होती. म्हणजे पहाटे अभ्यंगस्नान, दिवसभर हॅलोवीन, संध्याकाळी लक्ष्मी. आरतीच्या मधोमध दारावरची घंटा वाजली. बाहेर एक सांगाडा, एक स्पायडरमॅन आणि त्यांच्या मागे फोनमध्ये पाहणारी त्यांची आई. मी एका हातात निरांजन आणि दुसऱ्या हातात चॉकलेटचा वाडगा घेऊन दार उघडलं. सांगाडा निरांजनाकडे बघून म्हणाला, तुमचं सोंग छान आहे. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहराच्या शाळा इतिहासात पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद राहिल्या. आमच्या शाळेत मात्र पेप रॅली होती, आणि सुट्टी दिली असती तरी त्या दिवशी एकही सिनियर घरी राहिला नसता.

याच १ नोव्हेंबरला, रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी, बऱ्याच विद्यापीठांच्या लवकरच्या अर्जांची मुदत संपते. हे वाक्य न्यू जर्सीतल्या मराठी घरात मोठ्याने म्हणून बघा. बाप टीव्हीचा आवाज कमी करतात. कॉमन ॲप नावाचा एक सामाईक अर्ज आहे. त्यात एक मुख्य निबंध, ६५० शब्दांच्या आत. आणि त्याखेरीज उपक्रमांची यादी: दहा रकाने, प्रत्येकात वर्णनाला १५० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. चार वर्षांत पोराने वर्गाबाहेर जे जे केलं ते या दहा खोल्यांत राहायला जायचं.

या यादीने आमच्या पिढीच्या आईबापांना कामाला लावलंय. ओळखीतल्या एक काकू मूल सातवीत असल्यापासून वहीत नोंदी ठेवतात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पोराने खुर्च्या लावल्या तर ते 'कार्यक्रम व्यवस्थापन'. रविवारच्या मराठी शाळेत लहानग्यांची नाकं पुसली तर 'अध्यापन सहाय्य'. माझी कन्या शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ड्रम वाजवायची आणि उन्हाळ्यात ढोलपथकात ढोल. ड्रमला दोन शब्द पुरले. ढोल म्हणजे काय, तो कमरेला का बांधतात, पन्नास माणसं एकाच वेळी तो का बडवतात, हे सांगण्यातच १३० अक्षरं गेली. उरलेल्या वीस अक्षरांत तिने त्यात स्वतः काय केलं ते बसवायचं होतं.

मी सुचवलं, आजीशी दर शनिवारी व्हिडिओवर बोलतेस, तिला औषधांची आठवण करतेस, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही, ते आपलं आपल्यापाशी राहू दे. तर कळलं, त्यालाही रकाना आहे. यादीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा एक प्रकार दिलेला असतो. तो कशासाठी आहे हे मला समजतं. ज्या पोरांना धाकट्या भावंडांना सांभाळावं लागतं, शाळा सुटल्यावर दुकानात उभं राहावं लागतं, त्यांना क्लब आणि स्पर्धा कुठून परवडणार? त्यांचे कष्ट दिसावेत म्हणून ती सोय. सोय रास्तच आहे. पण आमच्या काकूंच्या हाती ती पडली आणि त्यांच्या चिरंजिवांनी भांडी घासायला सुरुवात केली. मुदत संपल्यावर, ऐकतो, घासणं थांबलं.

आणि हे सगळं चालू असताना, निबंधाचा चौथा खर्डा हवेत असताना, कन्या पायजम्याच्या विचारात! रविवारी रात्री चार मैत्रिणींची व्हिडिओवर बैठक: ढगांचा पायजमा की पेंग्विनांचा, वर गाऊन घ्यायचा की नको, चपला चालतील की केसाळ सपाताच हव्यात. इतकी चर्चा तिने कुठल्या विद्यापीठात जायचं यावरही केली नव्हती. मी चिडायच्या बेतात होतो. मग लक्षात आलं की वर्षभरातला हा एकमेव उपक्रम आहे जो कुठे लिहिता येत नाही. पायजमा घालण्यात नेतृत्व नाही, समाजसेवा नाही, सातत्य नाही, पुरस्कार नाही. काकूंच्या वहीतही त्याला जागा नाही. तरी, की म्हणूनच, पोरं त्यात जीव ओततात.

याच दिवसांत वार्षिकांकासाठी मतदान होतं. सगळ्यात छान केस कुणाचे, सगळ्यात मोठ्याने कोण हसतं, प्रसिद्ध होण्याची सगळ्यात जास्त शक्यता कुणाची. आपले फिशपाँडच की हे, असं मी म्हणालो, पण तसं नाही. आपला फिशपाँड निनावी चिठ्ठीवर येतो, गॅदरिंगमध्ये माइकवरून वाचला जातो आणि ज्याला लागायचा त्याला पुढची वीस वर्षं लागून राहतो. इथलं सगळं एका शिक्षकाच्या नजरेखालून जातं, कुणाला टोचणार नाही याची खात्री करून छापलं जातं. मासा आहे, काटे काढलेले. मला काट्यांसकट आवडायचा, पण मला कुणी फिशपाँड टाकला नव्हता, त्यामुळे माझं मत फारसं धरू नये.

शुक्रवारी पेप रॅली झाली, सामना झाला, बँड वाजला. रात्री दहाला कन्या गाडी घेऊन घरी आली. इथे सतराव्या वर्षी गाडीचा परवाना मिळतो, मात्र नंबर प्लेटवर लाल खूण लावावी लागते, म्हणजे पोलिसांना लांबूनच कळावं की आत पोर आहे. आणि पेट्रोल स्वतः भरायचं नाही. तसा कायदा १९४९ पासून आहे आणि तो आम्हा मोठ्यांनाही लागू आहे. आता स्वतः पेट्रोल भरायला बंदी असलेलं न्यू जर्सी हे देशातलं एकटंच राज्य. तर ती आली, चेहऱ्यावरचे शाळेचे रंग न पुसता लॅपटॉप उघडला, मुदतीला तास-दीड तास राहिलेला असताना अर्ज पाठवला, आणि खाली येऊन चकल्या खात बसली. आम्ही नवरा-बायको कागद तपासल्यासारखे तिच्याकडे बघत उभे. "झालं?" "हो." "सगळं नीट?" "बाबा, चकली मऊ पडलीये."

मग सुट्टी आली. शिक्षक अटलांटिक सिटीला गेले. डिस्ने वर्ल्डला जाणारे डिस्ने वर्ल्डला गेले. गुरुवारी कन्या दुपारी एकला उठली आणि तीनला तिच्या मैत्रिणी आमच्या तळघरात जमल्या. मला वाटलं नुसत्या लोळायला आल्यात. तर सभा होती. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात शाळेत गरजूंसाठी डबाबंद अन्न गोळा करण्याची इयत्ताइयत्तांत चुरस असते, तिच्या जोडीला आणखी काही दिवस ठरवायचे होते. विषयपत्रिका होती, इतिवृत्त लिहिलं जात होतं, एकीने नियमावर हरकत घेतली आणि ती मताला टाकली गेली. आमच्या सोसायटीची सभा इतकी शिस्तीत होत नाही. अजून बरेच अर्ज जानेवारीत जायचे होते, म्हणून मी हळूच सुचवलं, 'समिती सदस्य' असं एका रकान्यात टाकता येईल. चौघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलोय.

एकमताने ठरला तो 'बॅग सोडून काहीही' दिन. दप्तराऐवजी कशातही पुस्तकं आणायची. आदल्या वर्षी एकाने बाजारहाटाची ढकलगाडी आणली होती, एकीने मायक्रोवेव्ह. या वर्षी काय, यावर खल सुरू झाला. कन्या वर स्वयंपाकघरात आली, फडताळावरचा चिवड्याचा पत्र्याचा मोठा डबा काढला, झाकण उघडून आत बघितलं. कडी आहे, म्हणाली, पट्टा लावता येईल, आणि केमिस्ट्रीचं पुस्तक आडवं बसेल. आतला चिवडा निम्म्याहून जास्त होता. तिची आई म्हणाली, तो संपल्याशिवाय डबा मिळणार नाही. कन्येने चार चमचे घेतले, डबा काखोटीला मारला आणि खाली गेली. पंधरा मिनिटांनी वर निरोप आला, यात अजून शेंगदाणे आहेत का?