दडपण न आणणारा पालक

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये, विशेषतः दादरच्या शिवाजी पार्कवर सकाळी नेट लागण्याच्या सुमारास, पालकांचा जो एक प्रकार हमखास आढळतो, त्याचे मुख्य लक्षण असे की तो आपल्या मुलावर कोणतेही दडपण आणत नाही आणि ही गोष्ट कोणी विचारलेली नसतानाही कट्ट्यावरच्या प्रत्येकाला सांगतो. पूर्वीच्या बापाला मुलगा कोणत्या क्रमांकावर फलंदाजीला जातो हेदेखील बहुधा ठाऊक नसे; हा पालक मात्र पालकत्वावरील व्याख्याने ऐकून आलेला असल्यामुळे आधार आणि दडपण यांतील भेद त्याला तोंडपाठ असतो.

त्याचा आधार सर्वांगीण असतो. नव्या बॅटचे ‘नॉकिंग’, म्हणजे लाकडी हातोडीने फळी ठोकून ठोकून ती टणक चेंडू सोसण्याजोगी करणे, हे काम तो रात्री जेवणानंतर स्वहस्ते करतो आणि त्यावरील खालच्या मजल्याचा अभिप्राय खिलाडूवृत्तीने स्वीकारतो. पहाटेच्या लोकलमध्ये किट बॅग तोच चढवतो, बदाम तोच मोजून देतो. डबा करणे आणि पांढऱ्या पॅन्टवरील लाल चेंडूचे डाग घालवणे ही कामे आईकडे असतात, परंतु दडपण न आणल्याचे श्रेय तिला कोणी देत नाही.

प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरावाच्या वेळी यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. फलंदाज नाबाद राहिला तर नाणे त्याचे, बाद झाला तर ते गोलंदाजाचे, इतकी ती पद्धत साधी होती. या पालकाने ती आदरपूर्वक उचलली असून केवळ महागाईचा विचार करून रुपयाच्या जागी इंग्लिश विलोची बॅट ठेवली आहे, जी पन्नास धावा झाल्या तर मिळते, आणि न झाल्या तर ‘काही हरकत नाही रे, खेळात चालायचंच’ हे वाक्य परतीच्या प्रवासात दादरपासून बोरिवलीपर्यंत दर दोन स्थानकांनी मिळते.

खरी कसोटी सामन्याच्या दिवशी लागते. सोळा वर्षांखालील मुलांची हॅरिस शील्ड असो वा चौदा वर्षांखालील मुलांची गाइल्स शील्ड, हा पालक साइटस्क्रीनच्या, म्हणजे गोलंदाजाच्या हातातून सुटणारा चेंडू नीट दिसावा म्हणून लावलेल्या पांढऱ्या पडद्याच्या (मैदानावर तो असलाच तर), नेमका पुढे उभा राहतो आणि पंचांनी हटकल्यावर चार पावले सरकतो. तो एक शब्दही बोलत नाही. हात पाठीमागे बांधून तो फक्त मान हलवतो, आणि पुढचा पाय उशिरा निघाला, कोपर खाली राहिले, ती धाव निघत नव्हती, हे सारे त्या मानेतून खेळपट्टीपर्यंत पोहोचते.

फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी केलेली 664 धावांची अभेद्य भागीदारी त्याला दोघांच्या 326 आणि 349 या वैयक्तिक धावसंख्यांसह पाठ असते. डाव घोषित करण्याच्या खुणा सीमारेषेबाहेरून होत असताना त्या दोघांनी तिकडे पाहण्याचे कटाक्षाने टाळले, हा त्या भागीदारीचा सर्वश्रुत भागही तो एकाग्रतेचे उदाहरण म्हणून मुलाला वारंवार सांगतो. मुलाने त्यातून घ्यायचा तो बोध घेतलेला असतो.

बाजू बदलून पाहावे म्हणून पालक अधूनमधून मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला निघतो. आझाद मैदानावर शेजारच्या चार सामन्यांचे क्षेत्ररक्षक चुकवीत जायचे असल्याने ही फेरी लांबते, आणि त्या अवधीत मुलगा बहुधा दोन-तीन चौकार मारून घेतो. चेंडूगणिक नोंद असलेल्या पालकाच्या वहीत हे चौकार सापडत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी अधिकृत गुणपत्रिकेशी बेरीज जुळेना की तो स्कोअररशी वाद घालायला जातो.