अकरा महिन्यांचे नाना

नानांना घरमालक म्हटलेलं आवडत नाही. "आम्ही इन्व्हेस्टर," असं ते सांगतात. सांगताना त्यांच्या पिशवीतून बहुधा गीझरची नवी कॉइल डोकावत असते.

नाना राहतात कोथरूडला आणि त्यांची गुंतवणूक राहते वाकडला. चांदणी चौकाच्या गर्दीत स्कूटर अडकली की नाना ठरवतात, फ्लॅट विकून टाकायचा. बालेवाडी मागे पडली, वारा लागला, की ठरवतात, ठेवायचा. परतीच्या वाटेवर हेच दोन निर्णय उलट्या क्रमानं होतात. घरी पोचल्यावर ते वहीत लिहितात. वहीला दोन रकाने आहेत, 'ठेवावा' आणि 'विकावा'. सहा वर्षांत दोन वह्या भरल्या. फ्लॅट आहे तिथेच आहे.

या घोळाचं मूळ सदाशिव पेठेतल्या वाड्यात आहे. नानांच्या वडिलांचे तीन भाडेकरू होते. १९४७च्या भाडे कायद्यानं भाडी १९४०च्या आकड्याला खिळून बसली होती. महिना १४ रुपये घ्यायचे, वर पावती द्यायची आणि पावसाळ्याआधी कौलं शाकारून द्यायची, असा तो व्यवहार. भाडेकरूंच्या तीन पिढ्या वाड्यात जन्मल्या. १९९९चा कायदा आला तोवर वडील फोटोत गेले होते. पुढे वाडा बिल्डरला दिला तेव्हा भाडेकरूंना तिथेच मालकीच्या जागा मिळाल्या. नानांना मिळालेल्या वाट्यातून वाकडचा टू बीएचके आला. भाडेकरूची भीती मात्र वडिलोपार्जित असल्यामुळे तिची विभागणी झाली नाही, ती पूर्ण नानांकडेच राहिली.

म्हणून नाना भाडेकरू निवडताना मुलगी द्यायची असल्यासारखी चौकशी करतात. बॅचलर नकोत, मित्र येतात. म्हातारं जोडपं नको, मुलं येतात. वकील तर नकोच, तो करार वाचतो. पोलीस नको, त्याचं व्हेरिफिकेशन करायला कुणाला सांगायचं? जाहिरातीत 'फक्त शाकाहारी कुटुंबास' असं लिहून ते ऑम्लेट खायला कोपऱ्यावर जातात. ही गाळणी लावून एकदा फ्लॅट चार महिने रिकामा राहिला. तेव्हा नानांना कळलं, की भाडेकरूपेक्षा वाईट अशी एकच गोष्ट असते. ती म्हणजे भाडेकरू नसणं. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स थांबत नाही आणि शेजारी फोन करून सांगतात, "तुमच्या बाल्कनीत कबुतरांचा संसार सुखात आहे."

करार अकराच महिन्यांचा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदवावाच लागतो, हे एजंटनं दहादा सांगितलंय. पण वाड्यातल्या माणसाला बारावा महिना म्हणजे कब्जाच वाटतो. एजंट ठशांचं यंत्र घेऊन घरी येतो आणि नानांचा अंगठा उमटत नाही. पस्तीस वर्षं बँकेत कॅशियर म्हणून नोटा मोजल्यावर रेषा उरणार कुठून? नाना अंगठा धोतराला पुसतात, गरम करतात, फुंकतात. भाडेकरूचा ठसा पहिल्याच झटक्यात उमटतो. हा अपशकुन नाना दरवर्षी वहीत नोंदवतात.

कॅशियर असल्यामुळे हिशेब मात्र चोख. फ्लॅटची किंमत आज ९० लाख. भाडं २४,००० रुपये. एक महिना रिकामा धरून वर्षाचे २,६४,०००. त्यातून मेंटेनन्स ३६,०००, मिळकतकर १२,०००, रंग २५,०००, दलाली २४,०००. हाती उरले १,६७,०००. म्हणजे दोन टक्क्यांच्याही आत. माई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "एवढे पैसे मुदत ठेवीत टाकले असते तर? तिथं निदान कमोड तुंबत नाही." नाना दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, किंमत वाढते ना." माई म्हणाल्या, "विकणार असाल तर वाढते."

सध्याचं जोडपं लातूरचं, दोघंही हिंजवडीला नोकरीला. एक तारखेला सकाळी सातला भाडं जमा. यंदा दोन हजार वाढवायचे, असा ठराव झाला. नानांनी आरशासमोर तीनदा तालीम केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघाले. सुनबाईंनी ('भाडेकरीण' म्हणणं नानांना जड जातं) चहा दिला, आईनं पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी दिली आणि सांगितलं, "काका, पाण्याला फार क्षार आहेत हो." नाना परतले तेव्हा भाडं होतं तेवढंच होतं आणि खर्चाच्या यादीत वॉटर प्युरिफायर वाढला होता. वहीत त्यांनी चटणी 'उत्पन्न' या सदराखाली लिहिली.

गेल्या महिन्यात सातच्या ठोक्याला भाड्याऐवजी फोन आला. नानांच्या पोटात गोळा. तो मुलगा म्हणत होता, "काका, आम्ही ताथवड्याला फ्लॅट घेतला." नाना क्षणभर गप्प. पुन्हा कबुतरं, पुन्हा एजंट, पुन्हा अंगठा. "मग सोडताय कधी?" त्यांनी विचारलं. "छे हो, आम्ही इथंच राहणार. तो भाड्यानं द्यायचाय, इन्व्हेस्टमेंट म्हणून. भाडं पाठवतोच आहे, पण तुम्हाला विचारायचं होतं, भाडेकरू कसा बघायचा?"

सहा वर्षांत एकही गोष्ट न ठरवलेल्या नानांनी त्या दिवशी अर्ध्या सेकंदात उत्तर दिलं.

"कसाही बघ. फक्त भाडं वाढवायला जाशील तेव्हा चहा घेऊ नकोस."

संध्याकाळी ते वाकडला गेले. पिशवीत कॉइल नव्हती. दोन रकाने आखलेली एक कोरी वही होती आणि चटणीची रिकामी बरणी होती, धुऊन पुसलेली.