वाजवून बघणारे आप्पा

मोशीपासून महाळुंग्यापर्यंत दर गावात एक तरी आप्पा सापडतातच. पिंपरीतल्या कुठल्या तरी कंपनीच्या टूलरूममध्ये तीसेक वर्षं काढलेली, फंडाच्या पैशांतून घरावर मजला चढवलेला, जमिनीतली बरीचशी एमआयडीसीत गेलेली, उरलेल्या वीस गुंठ्यांत कांदा, परसात भाडेकरूंच्या खोल्या आणि अंगणात ट्रॅक्टर. ट्रॅक्टर वडिलांनी घेतलेला. त्याच्या कंपनीचं नाव मी छापणार नाही. छापलं तर दुसऱ्या कंपन्यांचे आप्पा भांडायला येतील, आणि आप्पा भांडायला आले की जेवूनच जातात.

आमच्या आप्पांचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावतं : "पत्रा राहिला नाही." हे ते ट्रॅक्टरबद्दल म्हणतात, स्कूटरबद्दल म्हणतात, एसटीबद्दल म्हणतात, आणि पुतणीला बघायला आलेल्या मुलाबद्दलही म्हणाले होते. सिद्ध करण्याची त्यांची पद्धत ठरलेली आहे. उजव्या हाताचं मधलं बोट मुडपायचं, पेरानं वस्तूवर दोनदा टकटक करायची, मान कलती करून डोळे मिटायचे. 'ठण्ण' आलं तर वस्तू जुनी आणि खानदानी. 'फट्' आलं तर नवी. पाहुणे नवी गाडी घेऊन दाखवायला आले की नारळ फुटायच्या आधी आप्पांची टकटक होते आणि पेढ्याची चव जाते.

दर डिसेंबरात मोशीच्या प्रदर्शन केंद्राच्या मैदानावर 'किसान' प्रदर्शन भरतं. लोक तिथं ठिबक, बियाणं, ड्रोन बघायला जातात. आप्पा वाजवायला जातात. मागच्या खेपेला मी बरोबर होतो. एका मंडपात चकचकीत ट्रॅक्टर आणि त्याच्याशेजारी तितकाच चकचकीत पोरगा उभा.

"या काका. पंचावन्न एचपी, पॉवर स्टिअरिंग, तेलातले ब्रेक..."

"वजन किती?"

"काका, एचपी पंचावन्न..."

"एचपी कागदावर असतो. वजन सांग."

पोरानं माहितीपत्रक उलटंसुलटं केलं. "दोन हजार तीनशे किलो."

"टायर धरून?"

"टायर काढून कसा चालवणार, काका?"

आप्पांनी उत्तर दिलं नाही. बोट मुडपलं. बॉनेट म्हणालं, 'फट्'. आप्पांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या दुःखी चेहऱ्यानं मी त्यांना सख्ख्या मेव्हण्याच्या तेराव्यालाही पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "आप्पा, पण बॉनेटनं कुठं नांगरायचं असतं?" त्यानंतर भेळेच्या गाड्यापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. वाटेत ऊसतोडणीचं यंत्र उभं होतं. असली यंत्रं आता आपल्या चाकणलाच बनतात, हे त्यांना ठाऊक आहे. तिथंही त्यांनी हात उचलला, पण तो पत्र्यापर्यंत पोचेना. "उंचीच वाढवली नुसती," म्हणाले.

आता खरं बोलायचं तर बॉनेट म्हणजे ट्रॅक्टरचा सदरा. ओढायचं काम करतात गिअरबॉक्स आणि मागचा आस, आणि त्यांची घरं आजही बिडाचीच ओततात. वजनाबद्दल मात्र आप्पा निम्मे बरोबर आहेत. हलक्या ट्रॅक्टरचं चाक जागच्या जागी फिरतं, माती उकरतं आणि डिझेल पितं. म्हणून तर आजही टायरमध्ये पाणी भरतात आणि नाकापुढं बिडाची वजनं अडकवतात. पण ते वजन पाहिजे तेव्हा चढवता येतं आणि नको तेव्हा उतरवता येतं, हे आप्पांना पटत नाही. वजन हे जन्मजात असावं असं त्यांचं मत आहे.

जुन्या यंत्रांत लोखंड जास्त असायचं याचं कारणही फार थोर नव्हतं. संगणकावर ताण मोजायची सोय नव्हती, ओतकाम एका घाणीचं दुसऱ्यासारखं येईलच याची खात्री नव्हती, म्हणून आखणारा माणूस दोन सुताच्या जागी तीन सूत धरून मोकळा होई. त्या भीतीला आपण मजबुती म्हणतो. त्यात तो ट्रॅक्टर काम करायचा किती? आप्पांच्या वडिलांचा वर्षातून दोनदा नांगरट, थोडी पेरणी, आणि आळंदीच्या वारीला ट्रॉली. आजचा भाड्यावर फिरणारा ट्रॅक्टर रोटाव्हेटर लावून हंगामभर दिवसरात्र रान फोडत असतो.

आणि जे वाईट होते ते कुठं गेले? ते गेले चिखलीच्या कुदळवाडीत. तिथल्या भंगाराच्या गोदामांनी वर्षानुवर्षं किती ट्रॅक्टर, किती ऑइल इंजिनं, किती कडबाकुट्ट्या गिळल्या, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. त्यांच्या काळातही घरं चिरायची, लायनर झिजायचे, लिफ्ट धरायची नाही. ती सगळी वितळून भट्टीत गेली, आणि कोण जाणे, मोशीच्या मंडपातल्या त्या 'फट्' वाल्यात आली असतील. अंगणात उरला तो गावातला एक चिवट. त्याच्याकडे बोट दाखवून आप्पा म्हणतात, "बघ, तेव्हाचं सगळं असं होतं."

हा चिवटही कसा चालतो ते बघण्यासारखं आहे. त्याची बॅटरी कधीची उतरली आहे आणि सेल्फ घेत नाही, त्यामुळे तो कायम उतारावर उभा असतो. अंगणात एकच उतार आहे. मजला चढवला तेव्हा मिस्त्रीनं जिना नेमका त्या उतारावर आखला होता. आप्पांनी जिना हलवला. म्हणून आज त्यांच्या घरी वर जायचं तर आधी मोरीशेजारून मागं जावं लागतं, मग भाडेकरूंच्या दारांवरून वळसा, मग जिना. काकू म्हणतात, "घर ट्रॅक्टरला भाड्यानं दिलंय, आम्ही पोटभाडेकरू."

ब्रेकांचीही एक गंमत आहे. चिखलात भिजले की ते दोन दिवस रुसतात. स्टिअरिंगला इतकं बळ लागतं की आप्पांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे, आणि तो खांदा ते कौतुकानं दाखवतात. डोक्यावर लोखंडी चौकट नाही. बांधावर ट्रॅक्टर उलटला तर माणूस खाली. नव्यातल्या काहींत पट्टा आहे, चौकट आहे. आप्पांना विचारलं तर म्हणतात, "चालवणारा पाहिजे." गावातले जे चांगले चालवणारे ट्रॅक्टरखाली सापडून गेले, त्यांची नावं तेच सांगतात, फक्त वेगळ्या संध्याकाळी.

पण एका सकाळी मी आप्पांचा पक्ष पाहिला आणि गप्प बसलो. डिझेल संपेपर्यंत कुणीतरी ट्रॅक्टर चालवला होता आणि लायनीत हवा धरली होती. आप्पा कोऱ्या चहाचा कप ओट्यावर ठेवून खाली वाकले. फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट पान्यानं अर्धा आटा सैल केला आणि अंगठ्यानं हातपंप दाबायला लागले. फुर्रर्र, फेस. पुन्हा फुर्रर्र, बुडबुडे. मग बुडबुडे विरळ झाले, मग काचेसारखं सलग डिझेल आलं, आणि त्याच क्षणी, अर्धा थेंब वाया न घालवता, पान्याला झटका. मग नोझलच्या नळ्यांची तीच पूजा. उतारावरून सोडला, दुसऱ्या गिअरात क्लच टाकला, आणि धुराड्यानं काळा ढेकर देऊन यंत्र बोलायला लागलं. चहा अजून कोमट होता. धोतराला हात पुसत म्हणाले, "ह्याला कुणाची परवानगी लागली का?"

हा प्रश्न मात्र टकटकीतला नाही. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे, कडक नियम लागू झाले. ते पाळायचे तर डिझेल किती आणि केव्हा उडवायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, बऱ्याच मॉडेलांत धूर जाळीतून गाळला जातो, आणि सगळीकडे सेन्सर. धूर कमी झाला हे चांगलंच; चाकणच्या हवेत श्वास घेणाऱ्यानं तरी त्याला नावं ठेवू नयेत. पण ऐन पेरणीत डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला की शेतकरी पान्याकडे नाही, फोनकडे धावतो. लॅपटॉपवाला तालुक्याहून येईपर्यंत वाफसा थांबत नाही. अमेरिकेतले शेतकरीही याच दिव्यानं पेटले. कोलोराडो राज्यानं २०२३ मध्ये शेतकऱ्याला स्वतःची यंत्रं दुरुस्त करू देण्याचा कायदा केला, तो २०२४ च्या सुरुवातीपासून लागूही झाला. आपल्याकडे केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारं आहेत. हे मी आप्पांना सांगितलं तर त्यांना आनंद होण्याऐवजी रागच आला. "हक्क कसला? पाना आपला, हात आपला. समिती कशाला लागते?"

सून चाकणला पुरवठादार कंपनीत क्वालिटीला आहे. ती सासऱ्यांना 'आप्पा'च म्हणते आणि त्यांच्याशी वाद घालणारी घरात ती एकटी. "आप्पा, तुमच्या वेळी शाफ्ट घासूनपुसून बसवायचे. आमच्याकडे हजारातला कुठलाही उचला, डोळे मिटून बसतो."

"तेच म्हणतोय. घासून बसवणाऱ्याला निदान माहीत असायचं, आपण काय बसवलं."

"आणि त्याची रजा असली की?"

"तर मशीन थांबायचं. माणसाला किंमत होती."

सून हसून डबा भरते. कंपनीची बस पावणेसातला येते. तिच्यासाठी कुणी थांबत नाही.

आप्पांच्या घराण्यात ही खोड नवी नाही. त्यांच्या आजोबांनी घरात लोखंडी नांगर येऊ दिला नव्हता. लोखंडानं जमीन विषारी होते, असं त्यांचं म्हणणं. म्हातारा एकटा नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमाराला बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकऱ्यांची हीच समजूत होती. सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर गावोगावी गेला. आप्पांच्या आजोबांच्या दारात मात्र बाभळीचाच राहिला. नंतर वडिलांनी ट्रॅक्टर आणला, तेव्हा म्हातारा ओसरीवरून ओरडला होता, "ह्या धुडानं रान दबंल!" गंमत अशी की हे त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. जड चाकांनी खालची माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, हे आता कृषी विद्यापीठंही सांगतात. म्हाताऱ्याला पत्रा जास्त वाटत होता, नातवाला कमी वाटतो.

या सगळ्या प्रकरणातली खरी वस्तू आप्पांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेली आहे. ते एक घड्याळ आहे. काचेवर सोनेरी अक्षरांत 'उत्कृष्ट कायझेन' असं लिहिलंय. आप्पांना ते कंपनीनं दिलं. कशाबद्दल, हे ते सहसा सांगत नाहीत, काकूंनी सांगितलं. एक ब्रॅकेट होतं, पाच मिलिमीटर पत्र्याचं. आप्पांनी सुचवलं, याला इतका पत्रा लागतच नाही, एक घडी घातली की तीनचा पुरतो. करून पाहिलं, पुरला. वर्षाला काही टन पोलाद वाचलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला, घड्याळ मिळालं. या घड्याळाखाली बसून आप्पा रोज संध्याकाळी म्हणतात, "पत्रा राहिला नाही." मी एकदा नजर वर नेली. त्यांनी ती ओळखली. "ते ब्रॅकेट अजून एक तुटलेलं नाही," ताडकन म्हणाले. म्हणजे पातळ पत्राही टिकतो? "घडी कुणी घातली, यावर आहे."

परवा कुदळवाडीकडचा एक भंगारवाला फिरत फिरत आप्पांच्या गावात आला. तिथली गोदामं महापालिकेनं २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली, तेव्हापासून हे लोक लांबलांबपर्यंत येतात. त्यानं ट्रॅक्टरभोवती चक्कर मारली, आणि, आता काय सांगू, बोट मुडपून दोनदा वाजवलं. 'ठण्ण' आलं. आप्पांचा चेहरा फुलला. दर्दी माणूस भेटला!

"चांगलं लोखंड आहे," तो म्हणाला. "किलोवर घेऊ."

आयुष्यभर जगाला 'वजन किती' विचारणाऱ्या आप्पांना हा अपमान सोसेना. "किलोवर? हे काय भंगार आहे? रनिंग कंडिशन आहे!" त्याला हाकलला. पण रात्री झोप लागेना. सकाळी ट्रॅक्टर उतारावरून सोडला आणि तळेगाव रस्त्यावरच्या वजनकाट्यावर नेला. विकायला नाही, नुसतं कळायला. काटेवाल्याला वाटलं ट्रॉली मागून येतेय. तो बराच वेळ थांबला. पावती निघाली : १९४० किलो. ती लॅमिनेट करून घड्याळाखाली लागली आहे.

सुनेनं पावती वाचली, मग अंगणात जाऊन चाकाच्या पाकळ्या, आस, फूटरेस्ट निरखलं. माल मोजायचा तिचा धंदाच. आत येऊन म्हणाली, "आप्पा, यात पन्नास-साठ किलो तर वाळलेला चिखलच असेल. धुऊन न्यायचा ना."

"धुवायचा नाही," आप्पा म्हणाले. "तो आपल्या नदीकाठच्या रानाचा आहे, एमआयडीसीत गेलं त्याच्या आधीचा. आता असला चिखल मिळतो कुठं?"