काहीच लागत नाही

होडीवाले काका तुम्हाला ठाऊक आहेतच. गाव वेगळं असेल, होडीचा रंग वेगळा असेल. पण हौसेनं होडी घेऊन ती कधीच न चालवणारा एक गृहस्थ कोकणातल्या प्रत्येक खाडीत बांधून ठेवलेला असतो. यांतले बरेचसे इंजिनात अडकतात. काही रंगात, काही नाव काय ठेवावं यात. दापोली तालुक्यातल्या एका खाडीतले काका गोड्या पाण्याच्या टाकीत अडकले.

जेट्टीवर पाहुणा दिसला की काका होडीतूनच हाक मारतात, "या, या. पाणी घेणार?" एप्रिलच्या उन्हात याला नाही कोण म्हणेल? स्टीलच्या पेल्यात पाणी येतं. पाहुणा एका दमात पेला रिकामा करतो आणि चारचौघांसारखं म्हणतो, "वा! छान आहे हो पाणी."

इथं तो फसतो.

"छान म्हणजे? काय लागलं नेमकं?"

"म्हणजे... गोड."

"गोड लागलं? म्हणजे काहीतरी उतरलंय. नळीचा वास येतो का? गिळल्यावर घशाशी प्लास्टिक? घाई नको, आठवून सांगा." आणि दुसरा पेला भरला जातो. मग तिसरा, घरच्या विहिरीच्या पाण्याचा, ताडून पाहायला. सुवर्णदुर्ग बघायला निघालेली माणसं तासाभरानं डुचमळत्या पोटानं गाडीकडे परततात तेव्हा त्यांनी किल्ला सोडून सगळं पाहिलेलं असतं.

बरोबर उत्तर एकच आहे: "काहीच लागत नाही." जेट्टीवरच्यांना ते पाठ झालंय. बर्फाच्या गाडीवरचा पोरगा पेला हातात घेण्याआधीच ते म्हणून टाकतो, आणि काका त्याला रागावतात. आधी पी, मग म्हण.

होडी साधीच. चोवीस फुटी, फायबरची, मासेमारीतून निवृत्त झालेली. काकाही निवृत्तच, त्यामुळे दोघांचं जमलं. बेत असा होता की संध्याकाळी काकूंना घेऊन सुवर्णदुर्गाला वळसा घालायचा आणि दिवेलागणीला परत. तासाभराचं जाणं, तासाभराचं येणं. "दोन बाटल्या घेऊ की घरून भरून," असं काकू पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. कारण त्या रात्री काकांनी वहीत गणित मांडलं: माणशी रोज प्यायला आणि शिजवायला चार लिटर, माणसं सहा, दिवस पाच, टाकी एकशेवीस लिटरची. सहा माणसं कोण आणि पाच दिवस कुठं जाणार, हा प्रश्न त्या वहीत नाही.

मग टाकी कुठं बसवायची? बाजूच्या बोटीचा तांडेल म्हणाला, "टाका मागच्या कोपऱ्यात." काकांनी त्याला समोर बसवून घेतलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एकशेवीस लिटर म्हणजे दोन धट्टीकट्टी माणसं, तीही अशी की सांगून सरकणार नाहीत. त्यांना एका कडेला बसवलं तर होडी तिकडे कलणार. उंचावर बसवलं तर लाटेवर डोलायला लागली की लवकर सावरणार नाही. वजन हवं खाली, मधोमध, कण्यावर. म्हणजे टाकी निरमाचंही काम करते. तांडेलानं मान डोलावली. त्याचे आजे-पणजे वाळूच्या गोणी टाकून हेच करत आले होते, पण त्यासाठी त्यांना कोणी वही दाखवली नव्हती. कण्यावर मधोमध बसायची फळी होती. ती काढली.

पुढचा बळी दापोलीचा फॅब्रिकेटर. भरलेली टाकी गरीब असते, अर्धी झाली की उंडगते. परातीत अर्धवट पाणी घेऊन स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत चालून बघा, काका त्याला म्हणाले; आणि परातीवर थांबते तर ते काका कसले! होडी कलली की आतलं पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. हा उपद्रव पाण्याच्या मोकळ्या पृष्ठाच्या रुंदीच्या घनानं वाढतो. म्हणून मधोमध लांबीच्या दिशेनं एक सबंध भिंत घातली तर तो निम्मा नव्हे, चौथाई होतो. फॅब्रिकेटरनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "उपद्रव चौथाई, पण पत्रा जास्त. पैसे दीडपट होतील. चालेल?" शेवटी तळाशी बारीक भोकं असलेल्या भिंतीवर तडजोड झाली, म्हणजे पाणी इकडून तिकडे जाईल, पण चालत जाईल.

हे सगळं झालं तिसऱ्या टाकीच्या वेळी. पहिली टाकी पांढऱ्या पातळ प्लास्टिकची होती. तिच्यातून उजेड आत जायचा, आणि जिथं उजेड तिथं शेवाळ. ती आता परसात काकूंच्या अळूला पाणी पुरवते. दुसरी फायबरची. तिला राळेचा असा वास होता की महिनाभर दर दिवसाआड भरून ओतूनही पाणी ताज्या रंगवलेल्या दरवाजासारखं लागायचं. त्या महिन्यात जेट्टीवरचे लोक काकांना लांबूनच नमस्कार करत. तिसरी स्टेनलेस स्टीलची. त्यातही तीनशेचार नंबरचं स्टील घरात चालतं, खाऱ्या वाऱ्यात त्याला बारीक खड्डे पडायला लागतात. म्हणून तीनशेसोळा, म्हणून मुंबईहून पत्रा, म्हणून उशीर. दिलीप दोंदे 'म्हादेई'तून १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीला वळसा घालून परतही आले. ती होडी गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. काकांना हे सगळं तोंडपाठ आहे, आणि ते अभिमानानं सांगतात. एवढ्या काळात त्यांच्या टाकीच्या झाकणाची रबरी चकतीसुद्धा ठरली नव्हती, हे मात्र काकू सांगतात.

टाकीला श्वास लागतो, हा काकांचा आवडता सिद्धांत. पाणी आत जायचं तर हवा बाहेर जायला हवी, आणि पंपानं पाणी ओढायचं तर हवा आत यायला हवी. हवेची नळी नसेल तर भरताना टाकी ढेकर देते आणि ओतलेलं पाणी तोंडावर उडवते. उपसताना पातळ टाकीचे गाल आत जातात. नळीचं तोंड खाली वळवलेलं हवं, नाहीतर लाटेचं खारं पाणी आत शिरेल. आणि त्यावर बारीक जाळी हवी, नाहीतर कुंभारीण माशी त्यात घर बांधेल. ती जाळी निवडायला काकांनी चहाच्या तीन गाळण्या फाडल्या. त्या कोणाच्या होत्या हे सांगायला नको.

भरायच्या नळीला तर सोवळंच आहे. ती निळी, खाण्यापिण्याच्या वापरासाठीची, वेगळ्या पिशवीत, दोन्ही तोंडांना बूच. तिचं टोक जेट्टीच्या दगडाला लागलं तर दोन्ही टोकं धुवायची. बागेची हिरवी नळी का नको? उन्हात तिच्यात साचलेल्या पाण्याला जो वास येतो तो टाकीत महिनाभर राहतो. आणि कुठलीही नळी असो, आधी नळ सोडून पाणी वाहू द्यायचं, नळीत रात्रभर मुरलेलं जाऊ द्यायचं, मगच टाकीत धार धरायची. एकदा एका खलाशानं त्या निळ्या नळीनं मासळीचे क्रेट धुतले. काकांनी आरडाओरडा केला नाही. नळी शांतपणे गुंडाळली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "ठेव आता तुलाच." तो बिचारा आठवडाभर ती परत करायला येत होता.

पाण्याचं झाकण नाळेकडे आणि डिझेलचं पार मागे. काकांनी अंतर मोजून ठेवलंय. शेजारी शेजारी असली तर कधी ना कधी, घाईत, अंधारात डिझेलचा पाइप पाण्याच्या तोंडात जातोच. पेलाभर डिझेल गेलं तरी ती टाकी पिण्याच्या कामातून गेली असं समजायचं.

आणि मग क्लोरीन. पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, लिटरला एक मिली, म्हणजे टाकीला एकशेवीस मिली. त्यानं दहा लाखात पन्नास भाग पडतं. हे पिण्यासाठी नाही, टाकी निर्जंतुक करण्यासाठी. काही तास ठेवायचं, नळातूनही सोडायचं म्हणजे नळ्याही धुतल्या जातात, मग सगळं ओतून दोनदा-तीनदा खळबळायचं. दिवसच्या दिवस ठेवायचं नाही, क्लोरीन स्टीललाही खातं. वास राहिला म्हणून एकदा काकू लोणच्याचं व्हिनेगर घेऊन आल्या तेव्हा काका जेट्टीवर अक्षरशः आडवे झाले. ब्लीचमध्ये व्हिनेगर गेलं की क्लोरीन वायू सुटतो. त्यांचं बरोबरच होतं. आडवं होण्याची गरज नव्हती.

किल्ले बघायची त्यांची पद्धतही अशीच. मालवणला नातेवाईकांबरोबर सिंधुदुर्ग बघायला गेले. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी ज्या बेटावर किल्ल्याची पायाभरणी केली, तिथं चहूबाजूंनी खारा दर्या आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. बाकी मंडळी महाराजांच्या हातापायाचे ठसे बघत होती. काका विहिरीच्या काठावर ओणवे होऊन वाटाड्याला विचारत होते, यातलं सगळ्यात बेचव पाणी कुठलं. वाटाडे भांडण टाळण्यात तरबेज असतात. तो म्हणाला, तिन्ही सारखी.

आता इतकं वाचल्यावर माणूस चिडतो, हे कबूल. पण काकांच्या वहीची पहिली पानं कोणी पाहिलेली नाहीत.

नोकरीभर ते पाणीपुरवठ्यात होते. लाखो लिटरच्या टाक्या, मैलोगणती पाइप, आणि घरचा फोन. फोन पहाटे यायचा. पाणी आलं नाही. गढूळ आलं. वास येतोय. कमी दाबानं येतंय. वरच्या आळीला येतं, आम्हाला का नाही? ज्या दिवशी पाणी वेळेवर, स्वच्छ, पुरेसं आलं, त्या दिवशी फोन वाजत नसे. चांगल्या पाण्याला तोंड नसतं, तक्रारीला असतं. ते सगळे पहाटेचे फोन काकांनी तारखेनिशी लिहून ठेवलेत. त्यात "आज पाणी चांगलं होतं" अशी एकही नोंद नाही. आणि ती शोधण्यासाठी काका अजूनही वही चाळतात, असा काकूंचा संशय आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो चार महिन्यांत उताराच्या लाल मातीवरून समुद्रात जाऊन पोचतो, आणि एप्रिल उजाडला की त्याच समुद्राच्या काठावर टँकरची वाट बघत हंडे ओळीनं उभे राहतात. किनाऱ्याजवळच्या विहिरी फार उपसल्या की खारं पाणी आत सरकतं आणि त्या मचूळ होतात. घरोघरी तोट्या बसल्या आहेत. तोटी बसली की उद्घाटन होतं. ती कोरडी असली तर होत नाही असं कुठं लिहिलंय? काका यावर भाषण करत नाहीत. फक्त टाकीत सोडायचं पाणी लांबच्या डोंगरातल्या झऱ्यावरून कॅन भरून आणतात आणि दोन पदरी फडक्यातून गाळतात.

गेल्या मेच्या अखेरीस असंच झालं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याआधीच्या शेवटच्या फेरीसाठी तांडेलाची बोट तयार होती. बर्फ भरला, डिझेल भरलं, तांदूळ चढला. टँकर आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. बोटीवर भांडी आणि अंग खाऱ्या पाण्यानं धुता येतं, पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असतं. ते प्यायलं तर शरीर मीठ बाहेर टाकायला त्याहून जास्त पाणी खर्च करतं. हे खलाशांना कोणी शिकवावं लागत नाही. सहा माणसं, पाच दिवसांची फेरी, आणि पिंपं कोरडी.

काका काही बोलले नाहीत. निळी नळी पिशवीतून काढली, तांडेलाला हात साबणानं धुवायला लावले, आणि स्वतः पाय-पंपावर उभे राहिले. टाकी तळापर्यंत रिकामी होईपर्यंत पंप मारत होते. पिंपं भरल्यावर तांडेलानं ओंजळभर पाणी प्यायलं, थोडं तोंडात घोळवलं आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, "काका, ह्याला तर चवच नाय. आमच्या पिंपातल्या पाण्याला जरा डिझेलचा वास तरी असतो."

त्या रात्री काका जेवायला बसले ते दोन वेळा भात मागून उठले, असं काकू सांगतात. वहीत नवी तारीख पडली, तीही पहाटेची नाही.

सुवर्णदुर्गाचं मात्र अजून राहिलंय. टाकी रिकामी झाली म्हणजे पुन्हा क्लोरीन आलं, पुन्हा खळबळणं आलं, आणि तेवढ्यात पाऊस आला नि होडी वर ओढून झापांखाली गेली. पावसाळाभर काकांनी नवा विचार केला. सगळं पाणी एकाच टाकीत ठेवणं हा मुळात धोका आहे. एक बिघडली किंवा कोणाला द्यावी लागली तर दुसरी हवीच. जुने जाणते दर्यावर्दी पाणी नेहमी वाटून ठेवतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाढवून झाल्यावर त्यांनी हे जेट्टीवर जाहीर केलं. फॅब्रिकेटरला निरोपही गेला.

काकूंनी टेप आणून सगळ्यांसमोर होडी मोजली. दुसरी टाकी बसली तर बसायला एकाच माणसाची जागा उरते, आणि त्या माणसाला पाय पोटाशी घ्यावे लागतील. काकांनी पुन्हा एकदा मोजायला लावलं. आकडा तोच आला.

"मग हरकत काय आहे?" काका म्हणाले, आणि कोणतं स्टील घ्यावं यावर तांडेलाशी बोलायला लागले.