सूतभरानं काय होतंय

रेणापूरच्या पिंपळफाट्यावर भज्यांची प्लेट आली की जो माणूस आधी एका भज्याचा व्यास घेतो, त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. असा माणूस गावागणिक एक असतो, आणि एकच पुरतो. आपण त्यांना मिलिमीटर मामा म्हणू. लोकांच्या खिशाला पेन असतो, मामांच्या खिशाला व्हर्नियर कॅलिपर. तोही डिजिटल, मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारा. ताटात भाकरी पडली की मामा तिची जाडी मध्ये एकदा आणि काठाला चार ठिकाणी घेतात आणि आलेला फरक मामींना कळवतात. पुढची भाकरी ताटात पडत नाही, आदळते. साखरपुड्यात अंगठी बोटात जाईना म्हणून सगळे साबण शोधत असतात, तेव्हा मामा नवरीच्या बोटाचं पेर मोजून चूक सोनाराची की सुजेची याचा निवाडा देत असतात. या जिल्ह्यानं महाराष्ट्राला 'लातूर पॅटर्न' दिला. त्यातल्या हजारो पोरांनी अकरावीच्या प्रयोगशाळेत व्हर्नियरनं लोखंडी गोळ्याचा व्यास काढला, 'लीस्ट काउंट किती?' याचं उत्तर दिलं आणि डॉक्टर-इंजिनिअर होऊन तो प्रकार कायमचा विसरून टाकला. मामा त्या प्रात्यक्षिकातून बाहेर आलेच नाहीत.

सध्या मामांपुढचा प्रश्न आहे केस ट्रिमर कोणता घ्यावा. 'सध्या' म्हणजे सहा-सात वर्षांपासून. आणि केस म्हणजे डोक्यावरचे नव्हेत, काडतुसाची पुंगळी. रायफलचा बार झाला की मागं पितळेची पुंगळी उरते. अमेरिकेतले हौशी नेमबाज ती फेकत नाहीत. तिला नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी घालून घरीच पुन्हा भरतात. पण बार होताना पुंगळी फुगते, साच्यात दाबून ती पुन्हा मापात आणावी लागते, आणि या ओढाताणीत पितळ तोंडाकडं सरकून पुंगळी लांबते. प्रमाणाबाहेर लांबली तर तोंड नळीच्या आतल्या अंगाला चेपतं, गोळी आवळली जाते आणि दाब धोक्याच्या वर चढतो. म्हणून तिला छाटायची. .३०८ विंचेस्टर नावाच्या काडतुसाची पुंगळी ५१.१८ मिलिमीटरच्या पुढं जाऊ द्यायची नाही आणि छाटून ५०.९३ वर आणायची, असा दंडक आहे. म्हणजे सगळा खेळ पाव मिलिमीटरचा. आपला सुतार इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतो आणि चौकट वाकडी बसली तर "सूतभरानं काय होतंय" म्हणून पाचर मारतो. त्या एका सुतात मामांचे असे बारा खेळ बसतात आणि वर थोडी जागा उरते.

या पाव मिलिमीटरसाठी बाजारात जी यंत्रं आहेत, त्या प्रत्येकाविरुद्ध मामांचा खटला तयार आहे. ली कंपनीचं सगळ्यात स्वस्त. त्यात ठरीव लांबीची सळई पुंगळीच्या आरपार जाऊन टेकते आणि पातं तिथंच थांबतं. चुकायला वाव नाही. मामांच्या मते हाच त्याचा दोष, कारण लांबी आपली नाही, कंपनीची. फोर्स्टर किंवा लायमनचं यंत्र म्हणजे हातानं दांडी फिरवायचा छोटा लेथ. त्यात लांबी हवी तशी लावता येते, पण दांडीवरचा जोर सकाळी एक आणि जेवणानंतर दुसरा. विल्सनच्या यंत्रात पुंगळी अंगाला धरतात, बुडाला नाही, त्यामुळे कापणी सरळ येते; पण प्रत्येक जातीच्या काडतुसाला वेगळा धारक लागतो. ड्रिलला लावायचं यंत्र वेगवान, पण ते माप पुंगळीच्या खांद्यापासून धरतं, आणि खांदाच चुकला तर? विजेवरचं यंत्र छाटतं आणि आतली-बाहेरची कडही एका दमात साफ करतं. ते मात्र अशा देशात बनलंय जिथं व्होल्टेज रात्री मोटारी सुरू झाल्या म्हणून पडत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की मामांना ट्रिमर नकोच आहे. त्यांना निवड हवी आहे. खरेदी झाली की निवड मरते, म्हणून त्यांनी हुशारीनं अशी वस्तू निवडायला घेतली जिची खरेदी होऊच शकत नाही. पुरावा त्यांच्याच घरात आहे. वडिलोपार्जित परवान्यावर आहे ती बारा बोअरची दुनळी. तिच्या काडतुसाला हे ट्रिमर लागत नाही, बसतही नाही. ज्या रायफलच्या पुंगळीवर सगळी चर्चा चालते, ती रायफल घरात नाही. आणि असती तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम आडवं येतं: दारूगोळा बनवायचा तर त्याचा वेगळा परवाना लागतो, आणि मापटंभर हौस हे काही परवान्याचं कारण नव्हे. हे मामांना कुणी सांगायला नको, उलट कलमं त्यांनाच पाठ आहेत. लातूरच्या एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला हवी ती पितळी नळी चहा गार व्हायच्या आत हव्या त्या मापाला आणून देईल, असं कुणी सुचवलं तर मामांचा चेहरा पडतो. लग्न लांबवत बसलेल्या पोराला कुणी एकदम होकार कळवावा, तसा.

यावर पहिला आक्षेप असा येतो की असली हौस चांगली नव्हे, हा बंदुकीचा शौक आहे. आक्षेप चुकीच्या पत्त्यावर आलाय. बंदुकीचा शौकीन आपल्याकडं वेगळा असतो. तो वरातीत हवेत बार काढतो, फोटोसाठी कमरेला पिस्तूल खोचतो, आणि त्याच्यासाठीच डिसेंबर २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड लावावा लागला. त्या शौकिनाला पुंगळीची लांबी विचारा, तो हात पसरून दाखवेल. ज्याला पाव मिलिमीटरची भीती वाटते तो हवेत बार काढत नाही; मामांनी तर जमिनीवरही कधी काढल्याचं ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: अचूकतेशिवाय नेमबाजी नाही, मग मामांचं चुकलं काय? अचूकता लागते हे खरंच. पण कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकलं ते .२२ च्या काडतुसावर. त्याची ठिणगीची दारू बुडाच्या कडेतच भरलेली असते, एकदा ठोका बसला की पुंगळी कामातून गेली. ती पुन्हा भरत नाहीत, छाटत नाहीत. दहा मीटरच्या हवेच्या रायफलला तर पुंगळीच नसते. म्हणजे ज्या खेळात मराठी माणसानं खरोखर नाव काढलं, तिथं ट्रिमरला काम नाही. हेही मामांकडूनच कळतं, आणि सांगताना त्यांना कसलीही अडचण वाटत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. ठीक आहे, निरुपद्रवी आहे, पण मग निरुपयोगी माणसावर एवढी शाई कशाला? इथं मात्र मला थोडं मागं सरावं लागतं. आपल्या भागात मोजमाप कायम दोन जातींचं राहिलंय. देताना आपण अंदाजपंचे देतो. पायलीला शीग लावतो, बलुत्याला सुपानं घालतो, पाव्हण्याला मोजून वाढणं हा अपमान समजतो. घेणारा मात्र मोजून घेतो. सोयाबीन अडतीवर नेलं की ज्याला तिथं 'हवा' म्हणतात तो ओलावा यंत्रावर बघतात, आणि यंत्र कायम पलीकडच्या माणसाच्या हातात असतं. हमीभावाच्या केंद्रावर बारा टक्क्यांची अट होती. २०२४ च्या हंगामात ओरड होऊन ती पंधरावर गेली, आणि त्या वर्षीचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. साडेअकरा की साडेबारा, या एका आकड्यावर ट्रॅक्टर रिकामा परततो की भरलेला, हे ठरायचं. त्या रांगेत, ज्याचा माल आहे तो हात जोडून आकड्याची वाट बघत असतो. एकटे मामाच विचारतात, "यंत्राचा शून्य कधी तपासला होता? याच मुठीतले दाणे परत लावा. आता तिसऱ्यांदा." मागून लोक ओरडतात, "काय मोजायलाव मामा, सूतभरानं काय होतंय?" मामा आकडे डायरीत उतरवून घेतात. तीन वेळा तीन आकडे आले की पलीकडचा माणूस पहिल्यांदा जरा अदबीनं बोलतो. ज्या माणसाला भज्याच्या प्लेटशी बसून आपण हसतो, त्याला त्या रांगेत आपल्या पुढं उभं करावंसं वाटतं, हे मी नाइलाजानं कबूल करतो. तिथून परततानाही मामा बोलतात ते मात्र विल्सनच्या धारकाबद्दलच.

राहता राहिली दुनळी. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचं फर्मान निघतं, आणि २००९, २०१४, २०१९ अशा तिन्ही विधानसभांना दसरा नेमका आचारसंहितेत सापडला. २०२४ चा दसरा बारा ऑक्टोबरला झाला आणि आचारसंहिता पंधराला लागली. तीन दिवसांनी निसटला. अशा घरात खंडेनवमीच्या पाटावर काय ठेवायचं? विळा, कोयता, पहार, आणि दुनळीच्या जागी व्हर्नियर. सवय अशी लागते की बंदूक घरी असलेल्या वर्षीही व्हर्नियर पाटावरून हलत नाही, बंदूक त्याच्या शेजारी टेकते. मामी सगळ्यांना हळदीकुंकू लावतात, व्हर्नियरलाही, सढळ हातानं. कुंकवाचा कण जबड्यात अडकतो. मामा जबडे मिटून बघतात, पडद्यावर शून्याऐवजी ०.०३. उपरण्याच्या टोकानं पुसतात: ०.०२. फुंकर मारतात: ०.०२. रेणुकामातेच्या देवळाकडून नवरात्राचा कर्णा ऐकू येत असतो, पोरं आपट्याची पानं आणायला निघालेली असतात.

"आटपा की, निरांजन विझायलंय," मामी म्हणतात.

"थांब," मामा म्हणतात, "शून्य येऊ दे."